आर्म की एक्स८६? आधी तुमच्या पट्ट्या मोजा

वाचकाचं पत्र :

"आमची दहा-बारा जणांची कंपनी महापे एमआयडीसीत आहे. वाशीच्या एपीएमसीतल्या फळ आणि कांदा-बटाटा मार्केटमधल्या गाळेधारकांसाठी आम्ही हिशेबाचं सॉफ्टवेअर चालवतो. आवक, विक्री, हमाली, तोलाई, शेतकऱ्याची पट्टी (त्याच्या मालाच्या विक्रीच्या हिशेबाची पावती), सगळं त्यात आहे. मुख्य काम जावात, डेटाबेस पोस्टग्रेस, पट्टी छापायला सी++ मधला एक जुना मोड्यूल आणि जुन्या फाँटसाठी बाहेरून विकत घेतलेलं एक कन्व्हर्टर. सर्व्हर क्लाउडवर भाड्याने घेतलेला, मुंबई रिजनमधला, इंटेलचा. सौदे उरकले की सगळे गाळे एकदम पट्ट्या काढायला बसतात आणि सिस्टीम रेंगाळते. हापूसच्या हंगामात तर आमचे फोन थांबत नाहीत. क्लाउड विकणाऱ्या एजन्सीचा माणूस म्हणतो, आर्मच्या मशीनवर या, ४० टक्के फायदा. आमचे सिनियर सर म्हणतात, आर्म ही मोबाइलची चिप, तिच्यावर धंद्याचा डेटाबेस टाकायचा नाही. टीममधला नवा मुलगा स्वतःच्या एम-सिरीज मॅकबुकचा गीकबेंच या वेग मोजणाऱ्या चाचणीतला स्कोअर दाखवतो आणि म्हणतो, आपला सर्व्हरच बदला. मालकांनी 'दोन्ही तपासून मला एका पानात सांगा' म्हणून हे काम माझ्यावर टाकलंय. सरांनीच मला काम शिकवलंय. कोणाचे आकडे खरे मानू? आणि माझेच आकडे चुकले तर?"
(एक वाचक, ऐरोली)

उत्तर :

या तिघांपैकी खोटं कोणीच बोलत नाहीये, पण तुमची पट्टी एकानेही मोजलेली नाही. आर्म आणि एक्स८६ (इंटेल आणि एएमडी या कंपन्यांचा) या प्रोसेसरच्या दोन जाती, प्रत्येकीचा सूचनासंच म्हणजे आर्किटेक्चर वेगळं. त्यांच्यात सरस कोण, हा प्रश्न मालकांच्या पानावर लिहूच नका. तिथे लिहायचा प्रश्न असा: आपल्या गर्दीच्या तासात, आपला डेटाबेस आणि आपलं छपाईचं काम घेऊन, हजार पट्ट्या वेळेत काढायला कोणत्या मशीनवर किती रुपये लागतात? हा प्रश्न घट्ट धरून ठेवा आणि मग तिघांचं म्हणणं एकेक करून तपासा.

एजन्सीवाल्याचा ४० चा आकडा बहुधा अ‍ॅमेझॉनच्या घोषणेतून आलाय. अ‍ॅमेझॉनने स्वतःचा ग्रॅव्हिटॉन हा आर्म प्रोसेसर २०१८ मध्ये आणला. त्याच्या दुसऱ्या पिढीची मशीन २०२० मध्ये भाड्याने मिळू लागली, तेव्हा आधीच्या इंटेल मशीनच्या तुलनेत पैशांच्या मानाने ४० टक्क्यांपर्यंत जास्त काम होतं, असं कंपनीने सांगितलं. आता समोर कोण होतं ते बघा. ग्रॅव्हिटॉनची ती पिढी ७ नॅनोमीटरच्या प्रक्रियेने बनलेली (आकडा जितका लहान तितकी प्रक्रिया नवी आणि बारीक) आणि समोरचे झिऑन हे इंटेलचे सर्व्हर प्रोसेसर १४ नॅनोमीटरचे, वयाने मोठे. शिवाय भाडंही अ‍ॅमेझॉनने कमी ठेवलं होतं. म्हणजे त्या ४० टक्क्यांत नवी कारखाना-प्रक्रिया आहे, नवी रचना आहे आणि कंपनीने ठरवलेली किंमतही आहे. तुमच्या खिशाला भाड्यातली बचत खरीच लागणार आहे, म्हणून ती हिशेबात जरूर धरा. फक्त तिचं श्रेय आर्म या नावाला देऊ नका. उद्या एएमडीचं नवं मशीन स्वस्तात मिळालं तर तोच आकडा उलटा फिरेल.

त्या दाव्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे आणि तुमच्या बाबतीत ती सगळ्यात महत्त्वाची आहे. क्लाउडवर मशीन घेताना आपण 'व्हीसीपीयू', म्हणजे आभासी प्रोसेसर, मोजून पैसे देतो. इंटेलच्या नेहमीच्या मशीनमध्ये एक व्हीसीपीयू म्हणजे अख्खा कोअर (प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) नसतो, हायपरथ्रेडिंगमुळे एका कोअरचे जे दोन थ्रेड (कामाच्या धारा) होतात त्यांतला एक असतो. आठ व्हीसीपीयूचं मशीन म्हणजे आत चारच कोअर. ग्रॅव्हिटॉनमध्ये एक व्हीसीपीयू म्हणजे एक पूर्ण कोअर, आठ म्हणजे आठ. दोन थ्रेड एका कोअरची गणिती यंत्रणा आणि कॅश (जवळची जलद मेमरी) वाटून घेतात, त्यामुळे दुसऱ्या थ्रेडने कामाप्रमाणे थोडीफार भर पडते, दुप्पट काही होत नाही. दुपारी चार वाजता मार्केट शांत असताना तुम्ही एकच पट्टी काढून पाहिली तर इंटेलचं मशीन कदाचित पुढे दिसेल. सगळे गाळे एकदम तुटून पडले की चित्र पालटू शकतं. तुमचा त्रास गर्दीचा आहे, त्यामुळे तुमच्याकडे आर्मला खरीखुरी संधी आहे असं मला वाटतं. पण हे पूर्ण कोअरमुळे, सूचनासंचामुळे नव्हे. अ‍ॅमेझॉनच्या एम७ए या एएमडीच्या मशीनमध्येही एक व्हीसीपीयू म्हणजे पूर्ण कोअरच असतो आणि तो एक्स८६ आहे. म्हणून तुलना दोघांची करू नका, तिघांची करा: आत्ताचं इंटेल, आर्म आणि पूर्ण कोअर देणारं एएमडी. हे तिसरं मशीन चाचणीत नसेल, तर आर्म जिंकला की पूर्ण कोअर जिंकला हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

आता सरांचं म्हणणं. आर्मचा जन्म मोबाइलसाठी झाला नव्हता. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी तो टेबलावरच्या संगणकासाठी बनवला आणि पहिली चिप २६ एप्रिल १९८५ रोजी चालू झाली. १९९० मध्ये आर्म ही वेगळी कंपनी निघाली आणि मोबाइलमधला तिचा पसारा त्यानंतरचा. जून २०२० मध्ये जगातल्या महासंगणकांच्या यादीत पहिला आलेला जपानचा फुगाकू आर्म प्रोसेसरवरच उभा आहे आणि जवळजवळ दोन वर्षं तो जागेवरून हलला नाही. तेव्हा 'मोबाइलची चिप' हे कारण टिकत नाही. पण सरांच्या मनातली भीती त्या कारणापेक्षा जास्त खरी आहे. वर्षानुवर्षं एका जातीच्या मशीनवर चाललेला कोड दुसऱ्या जातीच्या मशीनवर नेण्याची ती भीती आहे आणि तिच्याबद्दल मला पुढे बरंच सांगायचंय.

मॅकबुकचं काय? त्या मुलाचं मशीन खरंच वेगवान आहे. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये अ‍ॅपलचा एम१ आला तेव्हा एका कोअरच्या वेगात त्याने भल्याभल्यांना मागे टाकलं. मात्र एम१ ५ नॅनोमीटरवर बनला होता, तेव्हाचे इंटेलचे लॅपटॉप प्रोसेसर १० वर आणि एएमडीचे ७ वर होते. एम१ मध्ये एका वेळी आठ सूचना उलगडणारी रुंद रचना होती आणि मोठी कॅश होती. यातलं किती आर्ममुळे आणि किती बाकीच्यामुळे, हे स्कोअर सांगत नाही. तुमच्यासाठी मुद्दा याहून साधा आहे. गीकबेंच छोट्या छोट्या कामांचे तुकडे पळवतं आणि मध्ये उसंत घेतं. त्यात पोस्टग्रेस नाही, शेकडो जोडण्या नाहीत, डिस्कवर लिहून होईपर्यंतची वाट नाही. पंखा नसलेला लॅपटॉप पहिल्या मिनिटाला जो वेग दाखवतो तो मे महिन्यात तुर्भ्याच्या गाळ्यात अर्ध्या तासाने राहत नाही. तुमचा गर्दीचा तास हा खरोखरच तासभराचा असतो.

आणखी एक सावधगिरी. त्याने तुमचा एक्स८६ साठी बनवलेला कंटेनर (सॉफ्टवेअर सगळ्या सामानासकट बांधलेलं गाठोडं) मॅकवर चालवून 'आपलं सॉफ्टवेअरच हळू आहे' असा निष्कर्ष काढला असेल, तर तो कंटेनर एक्स८६ च्या सूचना आर्मच्या सूचनांत बदलणाऱ्या भाषांतराच्या थरातून, म्हणजे सावकाश, चालला होता. तो आकडा सरळ बाजूला ठेवा.

प्रोसेसरचा वेग तीन गोष्टींच्या गुणाकारातून ठरतो. काम पुरं व्हायला किती सूचना लागतात, एका सूचनेला प्रोसेसरच्या घड्याळाचे सरासरी किती ठोके लागतात आणि एक ठोका किती वेळाचा. हे सूत्र डेव्हिड पॅटरसन आणि जॉन हेनेसी यांनी संगणकाच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांना शिकवलं. साध्या सूचनांची रिस्क ही रचना पुढे आणल्याबद्दल दोघांना २०१७ चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं. गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला किती अब्ज ठोके, ही त्यातली फक्त एक बाजू. मार्केटातला हमाल तासाला किती फेऱ्या मारतो एवढंच मोजून माल किती उतरला हे कळत नाही, एका फेरीत किती पोती नेतो तेही लागतं. इंटेलने पेंटियम ४ मध्ये फेऱ्या वाढवायचा मार्ग धरला. २००४ मध्ये तो ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोचला, उष्णतेने जेरीस आला आणि ४ गिगाहर्ट्झचा बेत कंपनीला सोडावा लागला. दोन वर्षांनी आलेल्या कोअर २ ने कमी गिगाहर्ट्झवर त्याला सहज मागे टाकलं. कंपनी तीच, आर्किटेक्चर तेच एक्स८६, फरक आतल्या बांधणीचा. म्हणून मी म्हणते, एकाच आर्किटेक्चरच्या दोन पिढ्यांतला फरक दोन आर्किटेक्चरमधल्या फरकाहून मोठा असू शकतो.

विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये हाच प्रश्न नेटाने तपासला होता. आर्म आणि एक्स८६ या दोन्ही जातींच्या प्रत्यक्ष प्रोसेसरवर तीच कामं चालवून त्यांनी वेग आणि वीज दोन्ही मोजलं. निष्कर्ष असा, की फरक येतो तो प्रोसेसर कोणत्या उद्देशाने बांधलाय त्यामुळे. सूचनासंच रिस्क आहे की सिस्क (गुंतागुंतीच्या सूचनांचा), याने वेगात वा विजेत सांगण्यासारखा फरक पडत नाही. तेव्हाच्या चिप आता जुन्या झाल्या, पण प्रश्न विचारण्याची त्यांची रीत आजही घेण्यासारखी आहे.

महासंगणक बनवणाऱ्या पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संस्थेचा इतिहासही बघा. १९९१ चा परम ८००० ट्रान्सप्युटर नावाच्या चिपवर उभा राहिला, १९९८ चा परम १०००० सनच्या अल्ट्रास्पार्कवर, परम पद्म आयबीएमच्या पॉवर४ वर, परम युवा इंटेल झिऑनवर. या चारही मशीनचं आर्किटेक्चर वेगळं. त्या लोकांनी एका नावाला चिकटून राहण्यात वर्षं घालवली नाहीत.

मग आर्किटेक्चर कुठे आडवं येतं? सॉफ्टवेअरमध्ये. आणि इथे सरांचं ऐका.

इंटेल आणि एचपी यांनी इटॅनियम नावाचं पूर्ण नवं ६४-बिट आर्किटेक्चर बांधलं आणि २००१ मध्ये बाजारात आणलं. कागदावर भारी होतं. पण लोकांकडे असलेला एक्स८६ चा कोड त्याच्यावर रडतखडत चालायचा. २००३ मध्ये एएमडीने जुन्या एक्स८६ लाच ६४ बिट जोडून दिले, जुना कोडही पळाला आणि नवाही, आणि शेवटी इंटेललाही तोच मार्ग घ्यावा लागला. आज तुमच्या सर्व्हरवर जे एक्स८६-६४ आहे ते तेच.

तुमचा इटॅनियम होऊ शकेल असा भाग आहे ते विकत घेतलेलं फाँटचं कन्व्हर्टर. सोर्स तुमच्याकडे नाही, एक्स८६ साठी बांधलेली फाइल तेवढी आहे. विक्रेत्याकडे आर्म लिनक्ससाठी ती मिळते का, हे आजच विचारा. मिळत नसेल तर ते एक काम छोट्या वेगळ्या एक्स८६ मशीनवर ठेवून बाकीचं हलवता येतं, पण त्या मशीनचं भाडं आणि दोघांमधला फेरा हे दोन्ही हिशेबात धरावे लागतील. एमुलेशनमधून, म्हणजे वर सांगितलं तशा भाषांतरातून, चालवायचा मोह टाळा. गर्दीच्या तासात नेमकं तेच गळ्याशी येतं.

जावाचा भाग बहुतेक तसाच चालेल, जेडीके (जावा चालवणारा संच) आर्मचा घेतला की झालं. एक अपवाद आहे. एक्स८६ मध्ये एका कोअरने मेमरीत लिहिलेल्या गोष्टी दुसऱ्या कोअरला साधारण लिहिल्या त्याच क्रमाने दिसतात. आर्मला हा क्रम पाळायचं बंधन नाही. समजा एका थ्रेडने पट्टीचा मजकूर भरला आणि मग 'तयार' अशी खूण लावली, आणि मध्ये कुलूप (लॉक) किंवा व्होलाटाइल हा क्रम पाळायला लावणारा शब्द वापरला नाही. एक्स८६ वर हा दोष वर्षानुवर्षं झाकलेला राहू शकतो. आर्मवर दुसऱ्या थ्रेडला खूण दिसते आणि मजकूर जुनाच, म्हणजे एका शेतकऱ्याच्या पट्टीवर दुसऱ्याचं वजन. हा दोष आर्मचा नाही, तुमच्या कोडमध्ये आधीपासून असलेला आहे, पण गाळ्यावर उभ्या माणसाला त्याने काय फरक पडतो? या फरकाचं महत्त्व एवढं, की जुने एक्स८६ प्रोग्राम नीट चालावेत म्हणून अ‍ॅपलने आपल्या चिपमध्ये एक्स८६ सारखा क्रम पाळण्याची खास सोय ठेवली.

सी++ चा मोड्यूल जास्त जपून बघा. तिथे मराठीच्या वाट्याला आलेला एक सापळा आहे. सी++ मधला साधा 'कॅर' हा एका बाइटचा प्रकार ऋण आकडे घेतो की नाही, हे भाषेने ठरवलेलं नाही. लिनक्सवर एक्स८६ असेल तर घेतो, आर्म असेल तर घेत नाही. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असतं आणि तिन्ही बाइट १२७ च्या वरचे. जुन्या कोडमध्ये 'बाइट शून्यापेक्षा लहान असेल तर हे इंग्रजी अक्षर नव्हे' अशी तपासणी हमखास असते. एक्स८६ वर ती बरोबर चालते, आर्म लिनक्सवर कधीच खरी होत नाही आणि शेतकऱ्याच्या नावाच्या जागी भलतंच काहीतरी छापून येतं. मॅक आर्म असूनही तिथे 'कॅर' ऋण आकडे घेतो, म्हणून त्या मुलाच्या लॅपटॉपवर हा दोष दिसणारच नाही. उपाय सोपा आहे. कंपायलरला (कोडच्या मशीन-सूचना बनवणाऱ्या प्रोग्रामला) तसा पर्याय देता येतो, किंवा कोड नीट करता येतो. पण आधी शोधावा लागतो.

दुसरं पैशांचं. दर गुणिले वजन अधिक हमाली, असा हिशेब फ्लोट या अपूर्णांकांच्या प्रकारात होत असेल तर आर्मसाठी जीसीसी कंपायलर गुणाकार आणि बेरीज एकाच सूचनेत उरकतो आणि राउंडिंग एकदाच करतो. एक्स८६-६४ साठी खास पर्याय न देता बांधलेल्या कोडमध्ये ते दोनदा होतं. फरक अगदी शेवटच्या अंकात पडतो, पण अर्ध्या पैशाच्या काठावरची रक्कम इकडची तिकडे जाऊ शकते. पट्टी आणि खातेवही यांत एक पैसा जमेनासा झाला की गाळेधारकाचा विश्वास उडतो, आणि तो बरोबरच आहे. पैसे पूर्णांकात, म्हणजे पैशांच्याच एककात धरा. हे मशीन बदललं नाही तरी करायला हवं.

मोजायला बसण्याआधी दोन गोष्टी तपासा. पहिली, तुमचं आत्ताचं मशीन 'क्रेडिट'वर चालणाऱ्या स्वस्त प्रकारातलं आहे का? त्या मशीनला शांत वेळात क्रेडिट साठतं आणि गर्दीत ते संपलं की वेग मूळ मर्यादेवर येतो किंवा जादा बिल लागतं. तसं असेल तर तुमचं दुखणं आर्किटेक्चरचं नाहीच. दुसरी, पट्टी काढायला लागणाऱ्या वेळात प्रोसेसर प्रत्यक्ष राबतोय किती आणि डिस्कची किंवा डेटाबेसच्या कुलपाची वाट बघतोय किती? जीन अ‍ॅम्डाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला हिशेब इथे लागू होतो. समजा एकूण वेळातला ४० टक्केच वेळ प्रोसेसरचा आहे. तो दुप्पट वेगाचा आणला तरी एकूण वेळ २० टक्क्यांनीच घटेल. एखादी क्वेरी पूर्ण टेबल चाळत असेल तर एक इंडेक्स (टेबलाची सूची) तिन्ही मशीनपेक्षा जास्त कामी येईल. ते आधी करा, नाहीतर तुम्ही प्रोसेसरच्या नावाने डिस्क मोजत बसाल.

मग खरी चाचणी. गेल्या हापूसच्या हंगामातला एक तुफान गर्दीचा दिवस लॉगमधून काढा, नावं-नंबर पुसून टाका आणि त्या दिवसाच्या मागण्या ज्या क्षणी आल्या होत्या त्याच अंतराने तिन्ही मशीनवर पुन्हा पाठवा. आधीचं उत्तर आल्यावर पुढची मागणी, असं करू नका. गाळेवाला शेजाऱ्याची पट्टी निघेपर्यंत थांबत नाही, आणि असं मोजलं तर रेंगाळणारं मशीन स्वतःवरचा भार आपोआप कमी करून घेतं आणि चांगलं दिसतं. मागण्या पाठवणारं मशीन वेगळं ठेवा. लिनक्स, जेडीके, पोस्टग्रेस तिन्हीकडे एकाच आवृत्तीचे घ्या, आणि ताजे घ्या. आर्ममध्ये कोअरांमधल्या कुलुपांसाठी नव्या, जलद सूचना नंतर आल्या. जुन्या कंपायलरने बांधलेला पोस्टग्रेस त्या वापरत नाही आणि जास्त कोअरवर अडखळतो. आर्मला जुना लिनक्स आणि एक्स८६ ला नवा दिलात तर सर खूश होतील, निकाल मात्र खोटा असेल.

जावा सुरुवातीची काही मिनिटं स्वतःला तापवत असतो, ती सोडून द्या. त्यानंतर निदान अर्धा तास चालवा. तिन्ही मशीन आळीपाळीने, वेगवेगळ्या दिवशी, पुन्हा पुन्हा. क्लाउडवर शेजारच्या भाडेकरूचा भार कधी वाढलेला असतो, त्यामुळे एका फेरीवर काहीच ठरवू नका. मधला आकडा घ्या आणि फेऱ्यांमध्ये किती फरक पडला तोही लिहा. दोन मशीनमधला फरक एकाच मशीनच्या दोन फेऱ्यांमधल्या फरकाएवढाच असेल तर ती बरोबरी समजा.

सरासरी वेळ मात्र छापू नका. शंभरातल्या पंच्याण्णव पट्ट्या किती वेळात निघाल्या ते लिहा, कारण फोन करतात ते उरलेले पाच जण. दोन सेकंद ही मर्यादा धरा, किंवा गाळेधारकांना विचारून जी योग्य वाटेल ती. भार हळूहळू वाढवत न्या. पंच्याण्णवावी पट्टी मर्यादा ओलांडते त्याच्या आधी मिनिटाला किती पट्ट्या निघत होत्या, तो त्या मशीनचा आकडा. त्याला साठाने गुणून तासाच्या पट्ट्या काढा, तासाच्या भाड्याला त्यांनी भागा आणि हजाराने गुणा, की हजार पट्ट्यांमागचे रुपये निघतात. आणि वेग बघण्याआधी तिन्हीकडच्या छापील पट्ट्या अक्षरन्‌अक्षर आणि पैशापैशाने एकमेकींशी ताडून घ्या. ज्या मशीनवर पट्टी चुकली त्याचा वेग अजून मोजायचाच नाही.

हे सगळं स्वतःच करायची गरज का, असं मालक विचारतील. जगात प्रमाणित चाचण्या आहेत. १९८८ मध्ये कंपन्यांनी एकत्र येऊन स्पेक ही संस्था काढली आणि तिच्या चाचण्या मी मानते. पण तिच्या पहिल्याच संचात मॅट्रिक्स३०० नावाची एक चाचणी होती. कंपायलर बनवणाऱ्यांनी नेमक्या तिच्यासाठी युक्त्या शोधल्या, तिचे आकडे अवाच्या सवा वाढले आणि १९९२ च्या संचातून ती काढावी लागली. तुमच्या पट्टीसाठी कोणी कंपायलर सजवून ठेवलेला नाही, म्हणूनच तिचा आकडा तुमच्यापुरता सगळ्यात भरवशाचा.

सरांशी कसं बोलावं, हाच तुमच्या पत्राचा खरा गाभा आहे असं मला वाचताना वाटलं. त्यांना निकाल दाखवायला जाऊ नका, चाचणी ठरवायला बोलवा. कोणता दिवस घ्यायचा, मर्यादा किती सेकंदांची, कोणत्या पट्ट्या ताडायच्या, हे त्यांच्याकडून लिहून घ्या. जुन्या कोडमध्ये कुठे काय पुरलंय ते त्यांनाच ठाऊक असणार, आणि 'कॅर'चा सापळा शोधायला त्यांच्याइतका योग्य माणूस तुमच्याकडे दुसरा नाही. नव्या मुलाला मागण्या पाठवणारी स्क्रिप्ट लिहायला द्या. दोघांनी मिळून आखलेली चाचणी असेल तर निकाल कोणाच्या विरुद्ध जात नाही. तुमचे आकडे चुकले तर, असं तुम्ही विचारलंत. स्क्रिप्ट, आवृत्त्या, तारखा आणि प्रत्येक फेरीचा कच्चा आकडा जपून ठेवा. चूक असेल तर कोणालाही ती शोधता येईल आणि चाचणी पुन्हा चालवता येईल. यापेक्षा जास्त जबाबदारी कोणी तुमच्यावर टाकू नये.

मालकांच्या पानावर तीन ओळींचा तक्ता पुरे: मशीन, मिनिटाला पट्ट्या, हजार पट्ट्यांमागे रुपये. त्याखाली कोड बदलायला किती दिवस लागतील आणि कन्व्हर्टरचं काय करायचं, एवढं. माझा कल विचाराल तर, आर्म आणि पूर्ण कोअरचं एएमडी जवळजवळ येतील असं मला वाटतं आणि निर्णय कदाचित कन्व्हर्टरवर ठरेल. फरक दहा टक्क्यांच्या आत असेल तर मी या हंगामात एएमडीवर जाईन, कारण तिथे कोडला हात लावावा लागत नाही, आणि आर्मची तयारी पावसाळ्यात निवांतपणे करेन. फरक पाव हिश्श्याहून जास्त निघाला तर आर्मवर जायला घाबरू नका.

वेळापत्रक मात्र आंब्यावरून ठरवा. फेब्रुवारीच्या आत मशीन बदलून झालेलं नसेल तर मेअखेरपर्यंत काही हलवू नका. आणि बदललंत तर जुना इंटेल सर्व्हर पहिला महिनाभर बंद करू नका. रोजच्या पट्ट्यांतल्या काही दोन्हीकडे काढून रात्री ताडून बघत जा.